ताईंचं मॉडेल

३ मार्च, सोमवार
बदललं एकदाचं. टीमला कोड लिहायला मदत करणारं महागडं एआय मॉडेल काढून सगळ्यांना स्वस्तातलं लावलं. खर्च निम्म्याहून खाली येईल. साहेब म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. आधी तक्रारी सुरू होतील, मग काम." पटलं मला. पटवून घेतलं म्हणू.

५ मार्च
ताई आज रजेवरून परत आल्या. चार महिने आजारी आईजवळ होत्या. शेवटी शेवटी आई त्यांनाच विचारायची म्हणे, "तुम्ही कोण, बाई?" हसत सांगत होत्या, पण हातातला चहा निवून गेला.

हे काम मला शिकवलं ते ताईंनीच. आता मी त्यांची टीम लीड, तरी त्या सगळ्यांसमोर मला "बाळ" म्हणतात! बरं वाटतं आणि नाहीही.

१० मार्च
कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला तर म्हणतो, "हल्ली जास्तच छान चालतंय." साहेब खूश. मीही कॉलर ताठ करून फिरले.

१२ मार्च
फक्त ताई. "बाळ, मी काय म्हणते तेच याला कळत नाही गं. रजेच्या आधी असं नव्हतं."

त्यांच्या स्क्रीनवर पाहिलं. सवलतीचा हिशेब दुरुस्त करायला सांगितला होता, त्यानं भलतंच करून ठेवलेलं. कुठली फाईल ते सांगायचं ताईंकडून राहिलं होतं, पण जुन्या मॉडेलनं तेवढं ओळखलं असतं. मला कारण ठाऊक होतं. आणि मी काय म्हणाले? "बऱ्याच दिवसांनी आलात ना, ताई. हात बसेल हळूहळू."

जीभ कशी झडली नाही माझी.

१४ मार्च
जेवताना ताई हळूच म्हणाल्या, "आईचंही असंच सुरू झालं होतं. तिला वाटायचं, दुसऱ्यांनाच कळत नाही." मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, मंगळवारची. ओळखीनं लवकर मिळाली, नाहीतर दोन महिने थांबावं लागतं.

मी डबा झाकून ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन — वरच्यांना माझं नाव कळवलंय, कौतुक झालंय. उठून गेले. बोलायचं राहिलं. राहिलं कसलं, ठेवलं.

१६ मार्च, रविवार
दिवसभर कपाटं आवरली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या बाईला आपलं डोकं कामातून चाललंय असं वाटतंय, आणि तू शाबासकी खिशात घालून गप्प बसलीस?" चिडले त्याच्यावर. खरं बोलला म्हणून.

१७ मार्च
सांगितलं. जिन्यात गाठलं ताईंना. "तुमचं काही चुकत नाहीये. मॉडेल बदललंय. स्वस्तातलं आहे. मी बदललं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं." मान वर करायची हिंमत नव्हती.

ताई पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मग हसायला. "अगं, म्हणजे माझं डोकं ठीक आहे!" रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला. शरम वाटली, फार.

"मग उद्याचं रद्दच करते," म्हणाल्या. मी म्हणाले, "कराच. उगाच जिवाला घोर." माझ्यासमोरच फोन लावला.

साहेबांनाही सांगितलं — उद्या सगळ्यांना जुनं मॉडेल परत लावते. कुरकुरले, पण हो म्हणाले. खूप दिवसांनी जेवण गेलं.

१८ मार्च, मंगळवार
सकाळी एकेकाच्या नावापुढे जुनं मॉडेल लावत गेले. ताईंच्या नावापुढे बदलायला काही नव्हतंच. मी बदल केला तेव्हा त्या रजेवर होत्या, त्यांचं खातं बंद होतं. आल्या त्या दिवशी ते पहिल्यासारखंच सुरू झालं. इतके दिवस त्या महागड्या मॉडेलवरच काम करत होत्या.

ताई समोर गुणगुणत बसल्यात. या वेळी त्या डॉक्टरांकडे असायला हव्या होत्या.