दारावरचा पहारा

भोर, सप्टेंबर १९४७. संध्याकाळ.

शेजारच्या हुसेनभाईंच्या दारावर आज गल्लीने पहारा बसवला. वाईट बातम्या येताहेत, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी म्हणे! हुसेनभाई संस्थानच्या पागेतले नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारे. गल्लीने पहारा दिला याचा त्यांना केवढा अभिमान!

पहाऱ्यावर कोण, तर सदू पैलवान. दर ईदेला यांच्याकडे शीरखुर्मा चापणारा. कुलसुमभाभींनी चहा दिला, तर म्हणतो, "नगं भाभी, आज न्हाई." कप पायरीवर तसाच.

कॉन्व्हेंटात मदर आम्हाला फ्रान्सच्या एका उमरावाची गोष्ट सांगत. तो प्रॉटेस्टंट, राजा कॅथलिक. धर्माच्या लढाया थांबल्या म्हणून बिचारा दरबारात परतला. राजा त्याला वडील म्हणे. त्याच्यावर कुणी गोळी झाडली, तेव्हा राजाने त्याच्या दारावर पहारा बसवला. त्याच पहारेकऱ्यांनी पुढे दार फोडलं आणि मारेकरी आत सोडले. मदर स्वतः कॅथलिक, त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. मी तेव्हाही चिडले होते.

सदूने चहा का नाही घेतला? खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, म्हणून?

हुसेनभाईंना सगळं सांगितलं. हसले. "बाई, हे काय फ्रान्स हाय? सद्याला म्या खांद्यावर खेळवलाय."

"राजाही त्याला वडीलच म्हणत होता," मी म्हणाले.

भाभींनी मात्र ऐकलं. दोन्ही मुलींना घेऊन परसातून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आहेत. हुसेनभाई येत नाहीत. दारात माणूस उभा असताना घर टाकून जाणं बरं दिसत नाही, म्हणाले.