कोऱ्या दुनळी बंदुकीची विल्हेवाट

मी, शाळेचे गणवेश शिवणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, राहणार कारखान्यामागच्या गल्लीतले दुमजली घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मुलाला तो पटलेला नाही, पण त्याला माझे काहीच पटत नाही. आधीचे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. वरचा मजला मुलाचा, खालचा मुलीचा. जिना दोघांचा, आणि तो झाडायचाही दोघांनी.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. माझ्या आजारपणात उठबस तिनेच केली. मुलाने फोन केले, त्याबद्दल त्याला माझे आशीर्वाद.

३. शिलाई मशीन आणि मोठी कात्री, माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या मदतनीस बाईंना. या कात्रीने माझ्या भावजयीने एकदा पुठ्ठा कापला होता. भावजयीला माझे काहीही देऊ नये, मागितले तरी. आणि ती मागेल.

४. आता बंदूक. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

माझे आजोबा बंदुकीच्या कारखान्यात नक्षी कोरत. निवृत्त होताना त्यांनाच त्यांच्या हातची एक दुनळी भेट मिळाली. चापाच्या वर चांदीचा पत्रा, त्यावर पाण्यातून उडणारी बदके. तिच्यातून एकही बार निघालेला नव्हता. आजोबांनी ती उडवली नाही म्हणून बाबांनीही उडवली नाही, आणि तिला कोरी ठेवणे हेच आमच्या घराण्याचे ब्रीद झाले. बाबा दर वर्षी पांढरे हातमोजे घालून तिला तेल देत. श्वासाच्या ओलीने गंज चढतो म्हणून आम्ही भावंडे तोंडाला फडके बांधून बघत बसायचो. शेवटी बाबा मेण वितळवून दोन्ही नळ्यांची तोंडे बुजवून टाकत. असला उद्योग दुसऱ्या कोणत्या घरात चालत असेल असे मला वाटत नाही. गंजाचा बंदोबस्त मात्र चोख होता.

मी अकरा वर्षांची असताना एका दुपारी आमच्या अंगणात पिसाळलेले कुत्रे शिरले. माझी धाकटी बहीण चिमी, वय सहा, उपड्या पिंपावर चढून उभी होती आणि ते लाळ गाळत तिच्याभोवती फिरत होते. आई लाटणे घेऊन धावली. बाबांनी तिला दारात अडवले. "तू थांब, मी एका गोळीत आडवं करतो," म्हणाले. त्यांनी बंदूक काढली, काडतुसे काढली, आणि मग त्यांना मेण आठवले.

"अहो, सळई घाला आत! ढकला ना ते मेण!" आई ओरडली.

"सळईनं नळीला ओरखडे पडतील. पाणी तापवा, मेण वितळेल."

स्टोव्हला पंप मी मारत होते. पाणी कोमटसुद्धा झाले नव्हते, तोच पिंप कलंडल्याचा आवाज आला. शेजारच्या लोहाराने घणाने कुत्रे लोळवले, पण तोवर ते चिमीच्या गालाला चावले होते. इंजेक्शने दिली, उपयोग झाला नाही. शेवटी पाण्याचा पेला पाहूनही ती किंचाळायची. दोष माझा नव्हता, आईचाही नव्हता. तो बाबांचा होता, आणि हे मी मोठी झाल्यावर त्यांच्या तोंडावर सांगितले आहे.

महिन्याभराने बाबांनी नळ्या पुन्हा मेणाने बुजवल्या. त्यानंतर आई त्यांना जेवायला वाढायची, पण मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

५. बंदूक बाबांकडून दादाकडे आणि दादाकडून माझ्याकडे आली. परवाना माझ्या नावावर आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी ती जतन करण्याच्या अटीवर मुलाला दिली होती. दोष माणसाचा, लोखंडाचा काय, असे तेव्हा मला वाटे. मुलगी म्हणायची, "आई, ती अवदसा घरात नको. कापून भंगारात घाल." मुलगा म्हणायचा, "अगं, कोरी आहे म्हणून तिला मान आहे. एक बार काढलास की संपलं सगळं." मी दोघांनाही मान डोलावत राहिले.

गेल्या महिन्यात मुलाच्या मुलीने, वय सात, त्या बदकांवरून बोट फिरवले. हात घामेजलेला होता. मुलाने तिला असा फटका मारला की ती भिंतीवर आपटली, आणि तिच्याकडे न बघता तो रुमालाने बदके पुसत बसला. मी हाक मारली, तरी त्याने मान वर केली नाही. माझा मुलगा वाईट नाही. बाबाही वाईट नव्हते, म्हणूनच मला भीती वाटते.

६. म्हणून बंदूक मुलाला मिळणार नाही. ती भंगारातही जाणार नाही, कारण बदके आजोबांची आहेत आणि त्यांनी कोणाचे काही वाकडे केलेले नाही. परवान्याचे सोपस्कार करून ती नेमबाजी शिकवणाऱ्या मैदानाला, शिकणाऱ्यांच्या वापरासाठी द्यावी. हातमोजे घालू नयेत. काचेत ठेवू नये. मेण लावणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. झिजली तर झिजू द्यावी.

७. कोरी वस्तू वापरायला दिली म्हणून मुलगा दावा लावील, तर त्याने वेळ वाया घालवू नये. ती कोरी राहिलेली नाही. काल त्या मैदानावर मी स्वतः तिच्यातून दोन बार काढले. खांदा काळानिळा झाला आहे.

बरोबर बंदुका दुरुस्त करणारे कारागीर होते. त्यांनी सगळी बंदूक तपासली, मैदानावरच्या एका झेंडीची लाकडी काठी उपसली आणि प्रत्येक नळीत तिने ढोसा दिला. मेणाची बुचे जमिनीवर पडली.

"ओरखडा पडला का?" मी विचारले.

"लाकडानं कसला ओरखडा पडतोय, आजी?"

आमच्या त्या घरात पडद्यांच्या काठ्या लाकडी होत्या. प्रत्येक खिडकीला एक. आई, बाबा, मी, कोणालाही ते सुचले नाही. बार काढून झाल्यावर मी मैदानातच खाली बसले आणि चिमीसाठी मोठमोठ्याने रडले. हे रडणे माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा पुरावा धरावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून साक्षीदारांना ऐकवला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणारीची सही
साक्षीदार पहिला: बंदुका दुरुस्त करणारे कारागीर (सही)
साक्षीदार दुसरा: दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: माझे शिवणाचे दुकान
दिनांक: ९ नोव्हेंबर