हत्तीच्या गाण्याची चाल

११ सप्टेंबर
सकाळीच देबूदाचा फोन. म्युझिक कंपनीत आम्हा संगीतकारांची गाणी तोच बघतो, त्यामुळे त्याचा फोन म्हणजे एक तर काम, नाही तर कटकट. आज कटकट. माझं दुर्गापूजेचं गाणं म्हणे बागबाजारच्या कुणा शुभोबाबूंच्या जुन्या गाण्यावरून उचललंय. त्यांच्या नातीने दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावून नेटवर टाकलीत. ऐकलं नाही. ऐकायचं काय त्यात? चाल आमच्या भोंडल्यातली, हत्तीच्या गाण्याची. इथेच, कोलकात्यात, बालीगंजच्या या घरात, पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून लहानपणापासून म्हटलंय. लोकगीताला मालक नसतो, असं देबूदाला ठणकावून सांगितलं.

१२ सप्टें.
ऐकलं. मुखडा तर आहेच, अंतऱ्यात सूर हळूच खाली घसरतो ती जागासुद्धा तीच.

राग याचा येतो की इतकी वर्षं देबूदा एखादं गाजलेलं गाणं पाठवतो, ‘असंच हवं, पण हे नको.’ मी दोन सूर इकडचे तिकडे करते, ठेका बदलते, झालं. त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. हे एकच गाणं कुणी न सांगता केलं, मनापासून केलं, आणि नेमकी याच्यात चोर ठरले. नातीच्या पोस्टखाली लोकांनी लिहिलंय, बाहेरून येतात आणि आमचंच उचलतात. मी जन्मले इथे. बाहेरून म्हणे.

१४ सप्टें.
वकील म्हणतो, लोकगीत असल्याचा पुरावा आणा. आई मेथी निवडत होती. विचारलं, हत्तीचं गाणं तुला साताऱ्याच्या आजीने शिकवलं ना?
‘आजीने कुठलं? शब्द माझे आणि कुलकर्णीवहिनींचे. चाल खालच्या पूजेच्या मांडवातली. भोंडला आणि बंगाल्यांची पूजा एकाच दिवसांत, दिवसभर स्पीकरवर तेच चालायचं. डोक्यातून जाईना, म्हटलं बसवू या त्याच्यावर.’
वर कौतुकाने म्हणाली, डोहाळजेवण असो नाही तर बदलीचा निरोपसमारंभ, आपलं प्रत्येक गाणं कशाच्या तरी चालीवरच असतं.
ओरडले तिच्यावर. सांगायचं नाही का आधी?
‘तू विचारलंस कधी?’
नाहीच विचारलं. मला आपलं वाटायचं, आईचं आहे म्हणजे जुनंच असणार.

१७ सप्टें.
देबूदाला न सांगता बागबाजारला जाऊन आले. शुभोबाबू चिडतील म्हणून तयारीने गेले होते, तर त्यांनी संदेश मिठाईची बशी पुढे केली. पाड्याच्या, म्हणजे त्यांच्या आळीच्या, पूजेसाठी त्यांनी गाणं केलं होतं, एक कॅसेट निघाली, पुढे काही नाही. भोंडल्याचं सगळं सांगितलं. म्हणाले, म्हणून दाखव. मराठीत म्हटलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. लेकीला म्हणतात तसं म्हणाले, ‘गाण्याला माझं नाव लाव, मा. बाकी काही नको.’
नात शेवटपर्यंत माझ्याकडे न बघता उभी होती.

१८ सप्टें.
देबूदाला सांगितलं, तर भडकला. म्हणे, नाव लावलं की कबुली झाली. चाल दुसऱ्या कुणाची नाही अशी माझी करारावर सही, कंपनी हात वर करणार. आणि मग कोलकात्यात कोण काम देणार मला? काम देणाऱ्या दोघांनी तर आत्ताच फोन उचलणं सोडलंय.
त्याचा तोडगा: मासीमांचा, म्हणजे आईचा, व्हिडिओ. काठापदराची साडी, लोकगीत आहे म्हणून सांगायचं. खोटं कोण म्हणेल?
म्हटलं, पण ते लोकगीत नाही.
‘इतकी वर्षं बायका फेर धरून गातात, मग अजून काय असतं लोकगीत?’
विचार करून सांगते, म्हटलं.

१४ ऑक्टो.
भोंडला आमच्याकडे. कुलकर्णीवहिनी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, बायकाही थोड्याच उरल्यात. पोरींचं मराठी अडखळत, पण हत्तीचं गाणं एकीलाही अडलं नाही. खालच्या मांडवात माझं गाणं या वर्षी नाही, कंपनीने तूर्त काढून घेतलंय. आई हाका मारत होती, ‘ये की फेरात.’ खिरापतीचं निमित्त करून स्वयंपाकघरातच थांबले. इतकं गोड गाणं, आणि ऐकवेना.

१५ ऑक्टो.
देबूदा दुपारी व्हिडिओसाठी कॅमेरा घेऊन येतोय. मी नको म्हटलं नाही. आई जेवण आटोपून साडी नेसून बसलीय, पदर नीट केला, पावडर लावली. तिला व्हिडिओचं अप्रूपच वाटतंय.
‘काय सांगायचं गं?’
आठवतं ते सांग, म्हटलं.
‘अगं, तू विचारल्यापासून आजीसुद्धा ते गाताना आठवायला लागलीय मला. मांडवातलंही आठवतंय. तुला कुठलं हवंय तेवढं सांग, म्हणजे मी तसं बोलते.’
लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबलीय. आई माझ्याकडे बघतेय.