आईचं आधीचं नाव

आई, तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी आता विश्रांतवाडीच्या घरात बसून अमेरिकेतल्या लोकांचे पूर्वज शोधते. तू म्हणाली असतीस, त्यांचे ते शोधतील, तू आधी दुधाखालचा गॅस बंद कर. पण हेच माझं काम आहे. युरोपातून सुरुवातीच्या बोटींतून तिकडे जाऊन वसलेल्या एका घराण्याची पाळंमुळं त्यांच्या वंशजांना हवी आहेत. मी चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं वाचते आणि पिढीला पिढी जोडते. मागच्या महिन्यात एका माणसाचं मधलं नाव मी सरळ त्याच्या बापाचं धरलं आणि दोन आठवडे त्या नावाचा बाप शोधत बसले. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "अहो, तो काय आपल्या रेशनकार्डावर आहे? ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. मुलाच्या नावात ठेवायचे ते."

त्या आडनावाच्या मागे गेले, तर आईकडच्या पाच पिढ्या थेट बोटीपर्यंत सापडल्या. माझ्या नावात मात्र आधी बाबा होते, मग नवरा आला. तू कुठेच नाहीस. लग्नात तुझं नाव बदललं एवढंच ठाऊक. आधीचं काय, हे सांगायला आता माहेरचं कोणी उरलेलं नाही. मी सातवीत असेन. तू ओट्याशी मेथी निवडते आहेस, मी विचारते, आधीचं नाव काय गं तुझं? तू मान वर करत नाहीस. "काय करायचंय तुला? काड्या वेगळ्या टाक." पुन्हा मी विचारलंच नाही.

शनिवारी खडकवासल्याच्या पुढे, तुझ्या माहेरच्या गावी, तुझ्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "विद्यार्थिनीचं नाव?" म्हटलं, तेच शोधायला आलेय. "वा. म्हणजे सगळं आम्हीच करायचं." पण खुर्ची दिली, जुनं रजिस्टर काढलं. आजोबांच्या नावावरून तू सापडलीस. चौथी पास. प्रगती उत्तम. शाळा सोडण्याचं कारण, घरकाम. आणि ते नाव.

घरी येऊन ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आतून लेकीने विचारलं, "कोणाला हाक मारतेयस?" "आहे एक, चौथीतली." "हुशार आहे?" "उत्तम," मी म्हटलं, आणि तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं.

खरं तर हे पत्र त्या चौथीतल्या मुलीलाच लिहायला बसले होते. माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान ती, तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. म्हणून तुला लिहिलं.