बूर म्हणजे शेतकरी

तीर्थरूप बाबा,
गोपिकाचा नागपूरहून नमस्कार.

मी बरी आहे, डबा चांगला मिळते. तुरीले फुलं आली काय?

काल ऑफिसात माझे उच्चार ऐकून, आम्हाले इंग्रजी शिकवायले कंपनीनं ठेवलेले सर सगळ्यांसमोर मले ‘बूर’ म्हणाले. सगळे हसले. मी मोबाइलवर शब्द शोधला. इंग्रजीत बूर म्हणजे गावंढळ, अडाणी. पण जुना अर्थ होता शेतकरी! शिकलेल्यांनीच त्याची शिवी केली.

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. “सर, माझे बाबा शेतकरी आहेत. माफी मागा.”

“गंमत केली,” ते म्हणाले. माफी नाही मागितली. मी राजीनामा देऊन आली.

आईले हळूच सांगा. मी दुसरी नोकरी शोधून राहिली. मले रडू नाही येऊन राहिलं बाबा, राग येऊन राहिला.

तुमची लेक,
गोपिका