सातमेचे ऊन पाणी

मु. सारंगखेडे, तालुका शहादे
श्रावण वद्य सप्तमी, शके १८६०

सौ. वत्सला हीस आशीर्वाद.

पाणी चुलीवर ठेवले आहे. ते कोमट होईतो जेवढे लिहून होईल तेवढे लिहितो. आज शीतळा सातम आहे हे तुझ्या ध्यानात येईल. आज आपल्या घरी चूल कशी पेटली, असेही तू विचारशील. ते पुढे लिहितो. आधी खुशाली.

आईचे गुडघे पावसाने धरले आहेत, एरवी ती बरी आहे. गाय व्याली, कालवड झाली. तापीला दोनदा पूर आला, पण पाणी घाटाच्या वरच्या पायरीशी थांबले. कपाशी बरी आहे. तिथे तुझ्या माहेरी रूपचंदचे बाळ आता बसू लागले असेल.

राखीपौर्णिमेला तुझे कार्ड आले. दोनच ओळी होत्या. मासे कसे आहेत, आणि सातम झाल्यावर रूपचंदभाऊ येईल, त्याच्याजवळ मासे द्यावे. मी उलट टपाली लिहिले, मासे मजेत आहेत. त्या दिवशी काचेच्या हंडीत एकच मासा होता. दुसरा दोन दिवस आधी मेला होता. मी हंडीकडे पाहिले आणि तसे लिहिले.

दुसऱ्या ओळीचा अर्थ मला कळला. माझ्या घरातले तुझे म्हणून जे काही उरले आहे ते तू मागून घेत आहेस.

पाणी पाहून आलो. अजून गारच आहे. ओल्या गोवऱ्या धूर फार करतात.

रूपचंदने ही हंडी सुरतेहून नंदुरबारपर्यंत गाडीत मांडीवर धरून आणली होती, आपल्या मंगूसाठी. बैलांच्या दमणीतून उतरताना अर्धे पाणी त्याच्या धोतरावर सांडले आणि मंगू म्हणाली, ‘मामा मुतना.’ तू तिला मारायला उठलीस आणि हसू आवरेना म्हणून तिथेच बसलीस. मोठ्या माशाला तिने हवालदार म्हणायचे ठरवले. तोच मेला.

नागपंचमीला आईच्या नजरेस पडले. दोन्ही माशांच्या अंगावर, कल्ल्यांवर, शेपटीवर रव्यासारखे पांढरे दाणे. आई हंडीपुढे बसली, पदर पसरला आणि म्हणाली, ‘माय उनी.’ देवी आली, असे तिला वाटले. माशाला देवी येत नाहीत, एवढे मला सांगता आले असते. मी सांगितले नाही.

घरात फोडणी बंद झाली. हंडीभोवती कडुलिंबाचे डहाळे आले. रोज सकाळी आई रांजणातले गार पाणी हंडीत घाली, मायला थंडावा हवा म्हणून. मंगूच्या वेळी तिने जे जे केले होते, ते सगळे त्याच क्रमाने केले. चौथ्या दिवशी दाणे गळून गेले. आईने दहीभात लिंबाखाली नेऊन ठेवला आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा पोटभर जेवली. दोन दिवसांनी दाणे पुन्हा आले, दुपटीने. हवालदार काचेला अंग घाशी, मग वर येऊन तोंड उघडी आणि मिटी. सोमवारी तो उलटा होऊन तरंगला.

मग मी रूपचंदला लिहिले. तुला सांगू नये, असेही लिहिले. त्याने सांगितले नसेल तर त्याच्यावर रागावू नकोस. त्याचे उत्तर तीन दिवसांपूर्वी आले. ‘दाजी, मासे विकणाऱ्याला विचारले. तो पोट धरून हसला. म्हणाला, लिंबाचा पाला माशाला नको, तुमच्या दाजींच्या डोक्याला बांधा. हा किडा आहे. दाण्याच्या आत बसून माशाला खातो. दाणा गळाला म्हणजे बरे झाले असे समजू नका. तो तळाशी फुटतो आणि त्यातून शेकडो निघून पुन्हा माशाला धरतात. गार पाण्यात हे फार दिवस चालते. पाणी कोमट ठेवा, थोडे मीठ घाला, तळचे पाणी रोज काढून टाका. आठ दिवस तरी ऊब मोडू देऊ नका.’

मी आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘मीठ? मायना अंगले मीठ?’ आणि तोंड फिरवून बसली. मी हंडीत मीठ टाकले. हंडी चुलीशेजारी ठेवली. परवा आणि काल मासा तळाशी हिंडू लागला. एकदा त्याने भाताचे शीतही धरले.

काल छठ. सगळा स्वयंपाक उरकून आईने रात्री चूल सारवली. आज सकाळी चुलीत कपाशीचे रोप ठेवले, कुंकू वाहिले. देवी चुलीत लोळायला येते, निखारा राहिला तर तिला पोळते, ही कहाणी तिने बायकांना सांगितली. गल्लीत एकही चूल पेटलेली नाही. ऊन नाही, भुरभुर पाऊस. दुपारपर्यंत हंडी गार पडली आणि मासा वर येऊन तोंड उघडू लागला.

मी ओढ्यापलीकडे आमशाकडे गेलो. आपल्या शेतात राबतो तोच. त्याच्या घरी आज चूल बंद नसते. त्याने पाणी तापवून दिले आणि विचारले, ‘गुरुजी, मासा शिजवता की न्हाऊ घालता?’ मी म्हणालो, न्हाऊ घालतो. तो म्हणाला, ‘शिकलेल्यांचं सगळंच उलटं.’ तांब्या घोंगडीखाली धरून आणला, तरी घरी येईतो निवला. पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा आई हंडीजवळ बसली होती. माझ्या हातातल्या तांब्याला तिने बोट लावले. मग उठली. चुलीतले रोप उचलून तुळशीपाशी ठेवले आणि गोवऱ्या रचू लागली.

मी म्हणालो, ‘माय, आज सातम शे.’

‘माले म्हाईत नही का?’

‘ती लोळाले येस ना?’

‘येवू दे.’ तिने काडी ओढली. ‘आते मन्हं काय करी ती? मन्ही नात लई गई ना.’

गोवऱ्या ओल्या होत्या. ती बराच वेळ फुंकत राहिली. डोळे धुराने लाल झाले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘वत्सलानासमोर मी तुन्हासाठे खोटं बोलनू. पाच महिना व्हयनात. आते तू बोल.’

पाणी कोमट झाले. आत्ता ते वाटीवाटीने हंडीत घालून आलो. दुसरे चढवले आहे. आता लिहितो.

माघात तू रूपचंदच्या बायकोच्या बाळंतपणाला नवापूरला गेली होतीस. तेव्हा शहाद्याहून कागद आला, देवी काढणारा येतो आहे, गावातल्या न टोचलेल्या मुलांची यादी मास्तराने तयार ठेवावी. आई म्हणाली, ती मंगूला टोचू देणार नाही, कापसाच्या कोठीत लपवील. दोन दिवस तिने अन्न घेतले नाही. मला घरात वाद नको होता. तिची समजूतही मी घातली नाही. यादी केली. सत्तेचाळीस नावे, चांगल्या वळणदार अक्षरात. मंगूचे नाव घातले नाही.

कुणालाही कोठीत लपवावे लागले नाही. टोचणारा चावडीत बसून नावे पुकारत होता. मंगू माझ्या शेजारी उभी राहून रडणाऱ्या पोरांना हसत होती. त्याने विचारले, ‘मास्तर, ही कोणाची?’

मी म्हणालो, ‘माझीच. हिला टोचून झाले आहे.’

त्याने मंगूच्या गालाला हात लावला आणि पुढचे नाव पुकारले.

चैत्रात तिच्या अंगावर फोड उठले तेव्हा तू आम्हा दोघांना विचारलेस, पोरीला टोचले होते की नाही. आई म्हणाली, ‘मी लपाडी तिले.’ मी पाटावर होतो. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. त्या दिवसापासून तू आईशी बोलली नाहीस. मंगू गेली त्या दिवशीही नाही. माझ्याशी बोलत होतीस. माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडलीस.

त्या यादीतले एकही मूल गेले नाही. त्यातली निम्मी माझ्या शाळेत आहेत. रोज त्यांची हजेरी घेतो.

हे मी तुला तेव्हाच सांगितले असते तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला. तू गेली असतीस. तू गेलीसच. मग मी काय राखले ते मला सांगता येत नाही. आईने तुझा अबोला पाच महिने सोसला आणि मला एकदाही टोकले नाही, आजपर्यंत. लहानपणी माझ्या हातून दुधाचे भांडे लवंडले तरी ती मांजराचे नाव सांगे.

मासा आत्ता थोडा खाली गेला आहे. दाणे आहेतच. आई हंडीत हात बुडवून ऊब पाहते आणि मला पाण्यासाठी हाक मारते. ती शिळे जेवायची राहिली आहे. मीही.

रूपचंदला पाठवायचे की नाही ते तू ठरव. तू परत ये, असे मी या पत्रात लिहीत नाही. ते लिहिण्याचा अधिकार मी चावडीत घालवला. एवढेच मागतो की जो राग आईवर धरला आहेस तो तिच्यावरून काढून जिथे ठेवायचा तिथे ठेव. तिला एक कार्ड लिही. मी वाचून दाखवीन, आणि जे लिहिले असशील तेच वाचीन.

मंगूचा बाप,
गिरधर

अष्टमी, सकाळ.
मासा रात्रीत मेला. आईने हाताने काढून परसात पुरला. शाळेला गोकुळाष्टमीची सुटी आहे. वर लिहिलेल्यातले काही खोडले नाही. टपालवाला ओट्यावर पाणी पीत बसला आहे, त्याच्याजवळ देतो.