डाव्या कानाची नळी

सोमवार, ३ मार्च
साडेआठला पोचलो. मशीन सुरू केलं. प्रयोगासाठी दोघे जण आले, दोघेही वेळेवर. प्रत्येकी पन्नास मिनिटं आत. मी काचेच्या अलीकडे. आत त्यांच्या कानांत शब्द वाजतात आणि मेंदूचा कुठला भाग जागा होतो, त्याची चित्रं निघतात.

नोंदवहीत ‘आवाज तपासला – दोन्ही कान’ यापुढे खूण केली. तपासला नाही. जानेवारीपासून तपासत नाही.

शब्द बायकोच्या आवाजात आहेत. दोन वर्षांपूर्वी, हा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना स्पष्ट उच्चारांचं कोणीतरी हवं होतं. ही शाळेत शिकवायची, मीच नाव सुचवलं. चाळीस शब्द – खिडकी, चमचा, पायरी असले. श्रुतलेखन घालावं तसे वाचले आणि मॅडमना म्हणाली, “मागच्या बाकावर कोणी ढ असेल तर परत सांगते.”

डिसेंबरात गेली. कामावर परतलो तेव्हा हेडफोन कानाला लावायचा धीर झाला नाही. मशीन चालतंय ना, म्हटलं.

बुधवार, ५ मार्च
विशेष काही नाही. घरी येताना अर्ध्या जिन्यातून परत खाली गेलो – वाटलं, दाराला कुलूप लावलं नाही. दार तर वर आहे.

गुरुवार, ६ मार्च
मॅडम खुशीत. अलीकडच्या नऊ जणांच्या चित्रांत मेंदूची उजवी बाजू फिकी येते. आधीच्यांच्या दोन्ही बाजू सारख्या उजळायच्या. “अहो, पाच वर्षांनी काहीतरी हाताला लागलंय!” मंगळवारी बाहेरची तज्ज्ञ मंडळी येणार, त्यांना दाखवणार आहेत. “वहिनींचा आवाज लाभला बघा,” म्हणाल्या. मग एकदम टेबलावरचे कागद आवरायला लागल्या.

शुक्रवार, ७ मार्च
आज एक निवृत्त बस ड्रायव्हर आले होते. बूट घालताना म्हणाले, “साहेब, आतल्या बाई माझ्यावर रुसल्यात काय? एकाच कानाशी बोलत होत्या. आमची घरी दोन्ही कान किटवते.”

हसलो. ते गेल्यावर आत जाऊन पाहिलं. मशीनच्या चुंबकापाशी लोखंड चालत नाही, म्हणून आवाज प्लास्टिकच्या पोकळ नळ्यांतून कानापर्यंत येतो. डाव्या कानाची नळी मशीनच्या पलंगाच्या चाकाखाली सापडून चपटी झालेली. डाव्या कानाचा आवाज बराचसा मेंदूच्या उजव्या बाजूला पोचतो. म्हणजे मॅडमच्या हाताला लागली ती चपटी नळी. आणि नऊ खोट्या खुणा माझ्या. आजची धरून दहा.

नळी बदलली. ऐकून मात्र पाहिलं नाही. मॅडमच्या दारापर्यंत गेलो. फोनवर मोठ्याने हसत होत्या. परत आलो.

रविवार, ९ मार्च
सगळी कपाटं रिकामी केली. होती तशी परत लावली.

लेकीचा फोन. “बाबा, जेवलात का? ... ऐकताय ना?” ऐकतोय म्हटलं. “मग हूं तरी म्हणा. आई तुमच्या वाटचंही बोलायची. आता फोन कट झाला की तुम्ही गप्प आहात, तेच कळत नाही.”

सोमवार, १० मार्च
मॅडमना सांगितलं. खुणांसकट. त्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या.

“दहा?”

“दहा.”

“उद्या सगळ्यांसमोर हसं झालं असतं माझं.” मग टोपण लावून, “अहो, एकदा बोलायचं होतंत. दुसऱ्या कुणाला तपासायला बसवलं असतं.”

दहाही जणांना परत बोलवावं लागणार. माझ्या नोकरीचं वरचे ठरवतील. दुपारी पुन्हा हाक मारली. “नाहीतरी परत करायचंच आहे, तर आवाज बदलून टाकू. नव्या कुणाकडून वाचून घेऊ. तुमचाही त्रास संपेल.” उद्या सांगतो म्हणालो.

मंगळवार, ११ मार्च
आठला पोचलो. कोणी आलं नव्हतं. हेडफोन लावले. आधी डावा, मग उजवा. चाळीसच्या चाळीस शब्द.

तीन महिने डोक्यात जो आवाज होता – दम खात, अडखळत – तो दवाखान्यातला. हा बारीक आहे, खणखणीत आहे, थोडा घाईचा. हा मी पार विसरलो होतो.

मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: मी राहिलो नाही तरी आवाज हाच ठेवा.

मग पलंगावरची चादर बदलली.